बुडबुडे न येणारी गळती

मी डिझेलचा माणूस. डिचोलीच्या पट्ट्यात खनिज वाहणाऱ्या टिपरांच्या वर्कशॉपमध्ये माझ्या उमेदीची सगळी वर्षं गेली. खाणी बंद झाल्या, वर्कशॉपला कुलूप लागलं आणि मी कोरगावला घरी येऊन बसलो, तरी माझ्या अंगाचा डिझेलचा वास गेला नाही असं बायको म्हणते. पेट्रोलच्या गाडीला आम्ही वर्कशॉपवाले गाडी म्हणतच नसू. ते साहेबलोकांचं खेळणं. त्यामुळे मुलीनं पेट्रोलवर चालणारी, वीस वर्षांहून जुनी, दोन मालकांनी वापरून सोडलेली गाडी घेतली तेव्हा मी नाक मुरडलं. आणि ती बिघडली तेव्हा, खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. चला, म्हटलं, हाताला काम आलं.

मुलगी डिचोलीला एका लॅबमध्ये आहे. रक्त काढते, तपासते. सकाळी सातला माणसं उपाशीपोटी दारात उभी असतात, म्हणून तिला त्याआधी पोचावं लागतं, आणि कोरगावहून त्या वेळेला बस धरून डिचोली गाठणं म्हणजे नशिबाचा खेळ. गाडी घेण्यावाचून इलाज नव्हता. रोजची वाट ठरलेली: धारगळला हायवे आडवा ओलांडायचा आणि इब्रामपूरच्या अंगानं डिचोलीला उतरायचं.

गाडी चालताना ठणठणीत. थांबली की आजारी. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन आपोआप वर चढायचं, खाली यायचं, परत चढायचं, धाप लागलेल्या माणसासारखं, आणि मग एक आचका देऊन बंद. एका आठवड्यात तीनदा झालं.

"बाबा, म्हापशाक गॅरेजात दाखवया?" मुलीनं विचारलं.

"कित्याक? मी मेलंय काय?"

मुलगी चावी माझ्या हातात ठेवून आत गेली. दारात उभी असलेली बायको मात्र म्हणाली, "टिपर न्हय तो. घणान मारू नकात." मी हत्यारांची पेटी बाहेर काढली.

आता हा आजार काय ते दोन शब्दांत सांगतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या तोंडाशी एक झडप असते. तुम्ही पाय काढला की ती मिटते. मग गाडी उभी असताना इंजिनानं श्वास घ्यायचा कुठून? त्यासाठी बाजूनं एक जाड रबरी नळी आणि तिच्या वाटेवर अंगठ्याएवढा एक व्हॉल्व असतो. आयडल व्हॉल्व. तो थोडी थोडी, मापून हवा आत सोडतो. माप चुकलं की इंजिन धापा टाकतं. हे सगळं मला त्या आठवड्यात कळलं, कारण डिझेलला ही भानगडच नाही. डिझेल तोंड उघडं टाकून बसलेलं असतं, हवी तेवढी हवा घे.

व्हॉल्व मी काढला. आत काजळीचा थर होता, तो साफ केला. परत बसवला. तरी धाप तशीच. मग मनात आलं की कुठेतरी नळी फाटली असणार आणि हवा गळत असणार. इथपर्यंत माझं बरोबर होतं. इथून पुढं माझी डिझेलची अक्कल आडवी आली.

हवेची गळती शोधायचं आमचं शास्त्र एकच, साबणाचं पाणी. टिपरचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. सांधा सैल झाला की हवा बाहेर पडते. वरून फेस लावायचा, बुडबुडा फुगला की बोट ठेवायचं, इथं आहे. हजारदा केलेलं काम. मी मगात कपड्यांची पावडर घोळली, दाढीचा जुना ब्रश घेतला आणि इंजिन चालू ठेवून एकेका नळीला फेस चोपडला. बुडबुडा कुठंच नाही. अर्धा तास डोळ्यांत तेल घालून बघितलं.

"हवा खंयच भायर येणा नाय," मी जाहीर केलं. "लीक नाय. सेटिंग बिघडलीहा."

आणि मी सेटिंग केली. त्या झडपेला एक बारीक स्क्रू असतो. कारखान्यातून निघताना त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका मारलेला असतो, म्हणजे हात लावू नका. मी ठिपका फोडला आणि स्क्रू दीड फेरा आत घेतला. झडप जराशी उघडी राहिली, इंजिन उभ्या जागी जोरात फिरायला लागलं, आणि आचका बंद झाला. रोग तसाच ठेवून ताप तेवढा उतरवला. मुलीला म्हटलं, आता बंद पडली तर माझं नाव बदल.

इथं मला दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगायची मला लाज वाटते. मला नीट ऐकू येत नाही. त्या वर्षांत वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे क्रशर चालायचा, आत हवेच्या गनने चाकांचे नट सुटायचे, आणि टेस्टला उभ्या टिपरचा हॉर्न कानाजवळ वाजवून बघणं हा आमचा विनोद होता. आधी बारीक आवाज गेले. मग सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा गेला. उंडे पाव घ्यायला फाटकाशी मीच जायचो. एक दिवस गेलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो नाही.

"पोदेर येवन गेलो. ऐकाक येवक नाय तुमका?" बायको म्हणाली.

"तोच हल्ली वाजवणा नाय," मी म्हणालो. "माजलोहा."

त्यानंतर बायको स्वतःच फाटकाशी उभी राहायला लागली. तिला कळलं होतं की नाही ते मी कधी विचारलं नाही. मुलीपुढं मात्र मी सांभाळून होतो. तिच्या तोंडाकडे बघून बोलायचो, टीव्हीचा आवाज तिनं वाढवला तर बरं वाटायचं, आणि कळलं नाही की "हां" म्हणायचो. जो माणूस घरात बसून रस्त्यावरचा भरलेला ट्रक कुठल्या गियरात चढतोय हे सांगायचा, त्यानं आपण बहिरे झालोय हे कबूल करायचं म्हणजे काय उरलं? असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

शनिवारी गाडी कशी चालते ते बघायला मी मुलीबरोबर निघालो. ती चालवत होती, मी डाव्या सीटवर. तिची काच बंद, माझी उघडी. स्क्रूच्या कृपेनं इंजिन उभ्या जागी इतकं गुरगुरत होतं की सीटला हादरे बसत होते. धारगळला आलो. हायवेचा पहिला भाग ओलांडून दुभाजकाच्या फटीत गाडी थांबली. आता दुसऱ्या भागावरच्या गाड्या डावीकडून येणार. दुभाजकावर कण्हेर लावलेली आहे, ती वाढून माणसापेक्षा उंच झाली आहे. नाक रस्त्यात काढल्याशिवाय डावीकडचं दिसत नाही, आणि नाक काढणं म्हणजे ते गमावणं. म्हणून तिथले लोक आधी कान लावतात.

"बाबा, डावीकडसून काय येता काय?"

मी पुढं वाकलो. कण्हेरीच्या टोकापलीकडे रस्त्याचा एक तुकडा दिसला, रिकामा. मी कान लावला. शांत होतं.

"जा," मी म्हणालो. "रस्तो खाली आसा."

तिनं क्लच सोडला. गाडी पुढं झाली, पुढची चाकं रस्त्यावर आली, आणि तिनं बिचकून जरा पाय उचलला. इंजिन एकदम वर गेलं आणि बंद पडलं. मी मान खाली घालून त्या व्हॉल्वच्या नावानं शिवी देत होतो. वर बघितलं तर मुलीचं तोंड उघडं होतं, डोळे माझ्या पलीकडे. ती काय ओरडली मला कळलं नाही. मी वळलो. भरलेला ट्रक, दोन्ही दिवे लावलेले, माझ्या दारावर येत होता.

डोक्यानं काही केलं नाही. जे केलं ते जुन्या सवयीनं. "पयलो गियर घाल!" मी ओरडलो. "क्लच सोड! चावी मार, सोडू नको!" गियर घालून चावी मारली की इंजिन चालू नसलं तरी स्टार्टर एकटा गाडी ढकलतो. टिपर रेल्वे फाटकात अडकला तर काय करायचं, हे आम्ही नव्या ड्रायव्हरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. तिनं चावी मारली. गाडी गचके खात, बेडकासारखी, रस्ता ओलांडून पलीकडच्या मातीत उतरली. ट्रक मागून गेला. त्याच्या वाऱ्यानं आमची गाडी हलली आणि माझ्या अंगावर धूळ आली.

 तिनं चावी काढली आणि दोन्ही हातांच्या मुठीत धरून ठेवली. ह्याच हातांनी ती रोज इतक्या माणसांच्या शिरा शोधते.

"त्या व्हॉल्वान मारला असता आमका," ती शेवटी म्हणाली. माझ्याकडे वळून म्हणाली, म्हणून मला कळलं.

मी काय म्हणायला हवं होतं? की व्हॉल्वनं तुला रस्त्यात अडकवलं, पण रस्त्यात पाठवलं मी. भरलेला ट्रक, चढावर, उघड्या काचेतून. बहिरा नसलेल्या कुठल्याही माणसाला तो कण्हेरीमागं असताना ऐकू आला असता. तिची काच बंद होती आणि इंजिन माझ्या स्क्रूमुळे बोंबलत होतं, म्हणून तर तिनं मला विचारलं. हे सगळं मला त्या मातीत बसल्या बसल्या लख्ख कळलं.

"होय," मी म्हणालो. "व्हॉल्वच."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, गाडी कशी गेली. मुलगी म्हणाली, बरी गेली. आईला घाबरवायचं नाही म्हणून ती खोटं बोलली. मी का गप्प राहिलो ते तिला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी पेज पोटात गेली न गेली तोच मी बॉनेट उघडलं. मला ती गळती सापडायलाच हवी होती. गळती सापडली, हातात धरून दाखवता आली, की शनिवारचा सगळा दोष तिचा. माझ्याइतक्या जोरानं त्या दिवशी गोव्यात कोणी काही शोधत नसेल. स्क्रू मी आधी दीड फेरा मागं घेतला. उघडताना फेरे मोजायची सवय तेवढी कामाला आली. इंजिन पुन्हा धापा टाकायला लागलं. मी पुन्हा मगात साबण घोळला.

मुलगी पायरीवर बसून बघत होती. ती उठून जवळ आली.

"बाबा, कसले बुडबुडे बघतस?"

"हवा भायर येयत थंय बुडबुडो येतलो."

"पण ही हवा भायर खंय येता? इंजिन हवा आत ओढता मा?"

मी ब्रश खाली घेतला. ती आत गेली आणि तिच्या पिशवीतून रक्ताची एक रिकामी नळी घेऊन आली, रबरी बुचाची. म्हणाली, ह्या नळीत आधीच हवा काढून टाकलेली असते. सुई टोचली की नळीच रक्त ओढते, मी काही ओढत नाही. बुचाला बारीक भोक पडलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही, ऐकू येत नाही. नळी गुपचूप बाहेरची हवा ओढून घेते आणि ऐनवेळी रक्त येत नाही. मग आम्ही ती फेकतो.

तीन पिढ्यांचे टिपर मी उभे केले, आणि हे मला रक्त काढणाऱ्या मुलीनं शिकवलं. दाबाची हवा बाहेर फुगवते. ओढीची हवा आत गिळते. मी अर्धा तास डोळ्यांत तेल घालून बघत होतो ते बुडबुडे येणारच नव्हते. फेस आत चालला होता. राग आला. तिचा नाही, माझाच, पण आवाज तिच्यावर चढला.

"मगे कसो शोधूचो?"

"तू साबण घाल. भोक बुजला काय इंजिनाचो आवाज बदलतलो. मी ऐकतंय."

मी ब्रश फिरवत गेलो. एक नळी, दुसरी नळी, सांधा. व्हॉल्वच्या खालच्या वळणावर, जिथं हात कसाबसा पोचतो, तिथं ब्रश टेकवला तेव्हा तिनं माझा दंड धरला.

"थंयच! परत घाल. आता आवाज बसलो. ऐकलंस?"

मी काही ऐकलं नव्हतं. मी परत फेस घातला. तिचा चेहरा उजळला.

"बघ! परत बसलो. ऐकलंस मरे?"

"ऐकलंय," मी म्हणालो.

चोवीस तासांत हे माझं दुसरं खोटं. बोट वळवून मी त्या वळणाखाली घातलं. तिथं रबराला आडवी चीर होती, वरून न दिसणारी, आणि तिनं माझ्या ओल्या बोटाचं कातडं हलकेच आत ओढलं. कान गेले तरी बोट शिल्लक होतं. मला इतका आनंद झाला की मी इंजिनाकडे बघून हसलो. मग शनिवार आठवला.

नळी काढली. रविवार, दुकान बंद. माझ्या पेटीत त्याच जाडीची पाण्याची मऊ नळी होती, ती कापून बसवली. गाडी चालू केली, क्षणभर बरं चाललं आणि बंद. बघतो तर नळी मधोमध चप्पट. पाणी नळीला आतून फुगवतं. इथं इंजिन तिला ओढून मिटवत होतं. एकाच दिवशी एकच धडा दोनदा. बायको खिडकीतून बघत होती. म्हणाली, "आज काय पदवी घेवक बसल्यात काय?" मुलगी हसली. मला हसता आलं नाही.

सोमवारी मुलीनं लॅबमध्ये पोट दुखतंय म्हणून कळवलं. मी बसनं म्हापशाला जाऊन, तीन दुकानं पालथी घालून, वळण असलेली टणक नळी आणली. जुनी नमुन्याला हातात होती. दुकानदारानं चिरेत नख घालून मान हलवली. दुपारी ती बसवली, दोन्ही टोकांना नवे क्लिप आवळले. इंजिन चालू केलं. स्क्रूला हात लावला नाही, फक्त पिवळ्या रंगाचा ठिपका मी फोडला होता तिथं बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका मारला.

आता ते शांत चाललंय का, हे मला कसं कळणार? मी आतून स्टीलचा पेला काठोकाठ पाणी भरून आणला आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवला. वर्कशॉपमध्ये नवं इंजिन बसवलं की आम्ही असं करायचो. पाणी थरथरलं, पण एकसारखं. काठावरून थेंब सांडला नाही. मी पाच मिनिटं पेल्याकडे बघत उभा राहिलो. मुलगी बाजूला उभी होती, डोळे मिटून. तिला पेल्याची गरज नव्हती.

"किती बरा चलता, बाबा," ती म्हणाली. मग माझ्या तेलकट मनगटावर हात ठेवून म्हणाली, "त्या दिसा तू बाजूक नसतंस तर मी मेललंय. चावी मार म्हणून तुकाच सुचला."

एखाद्याला मारायचं असेल तर असं मारावं. मी हात धुवायला विहिरीवर गेलो आणि बराच वेळ धूत राहिलो. मला वाटत होतं की आता विषय संपला. गळती सापडली, ती चीर मी कापून ठेवली आहे, कोणीही बघावी. गाडी आता बंद पडणार नाही. ती रोज जाईल, रोज येईल, आणि तिला कधीही कळायचं कारण नाही. एवढं सगळं जुळून आल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी पहाटे ती तयार होऊन आली आणि दारात घुटमळली.

"बाबा, येशीत? धारगळापर्यंत. माका थंय भंय वाटता. डावी बाजू बघूक तू आसलंस तर बरा. थंयसून बस गावतली तुका."

मी चप्पल घातली. नाही कसं म्हणणार? आजच नव्हे, उद्याही ती विचारेल, परवाही. रोज मी त्या सीटवर बसणार, आणि रोज तिचा जीव माझ्या एका शब्दावर रस्त्यात जाणार.

वाटेत ती बोलत होती. रस्त्याकडे बघून बोलत होती, त्यामुळे मला काही कळलं नाही. मी दोनदा "हां" म्हणालो. धारगळ आलं. पहिला भाग ओलांडला. दुभाजकाच्या फटीत गाडी थांबली. कण्हेर तशीच, तिच्यावर गुलाबी फुलं. मी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. खाली इंजिन चालू होतं, सावकाश, न चढता न उतरता. आता ते हवा तेवढा वेळ थांबू शकत होतं. घाई कोणालाच नव्हती.

ती माझ्याकडे वळली.

"बाबा, डावीकडसून येता काय?"

मी पुढं वाकलो. रस्त्याचा तुकडा रिकामा होता. कान लावला. शांत होतं. तोंडात "जा" तयार होता, शनिवारचाच, तेवढाच सोपा. 

"माका विचारू नको, बाय," मी म्हणालो. "माका ऐकाक येणा नाय. शनिवारी पण येवक नाय. ट्रक येय होतो आणि मी तुका जा म्हटलंय."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिच्या डोळ्यांत राग शोधत होतो, राग मला सोसला असता. ती मनातल्या मनात मागं जाऊन बघत असावी: मी दिलेली सगळी "हां", फाटकाशी उभी राहणारी तिची आई, रविवारचं "ऐकलंय". मागच्या गाड्यांनी हॉर्न मारायला सुरुवात केली असावी, कारण तिनं आरशात बघितलं, काच खाली केली आणि हात बाहेर काढून त्यांना थांबा म्हणून सांगितलं.

मग तिनं पट्टा सोडला, माझ्या गुडघ्यावर एक हात टेकला आणि माझ्या अंगावरून वाकून, माझ्या खिडकीतून, ती स्वतः डावीकडे बघायला लागली. ट्रक आधी तिला ऐकू आला. तिच्या बोटांनी माझा गुडघा दाबला. काही क्षणांनी तो कण्हेरीमागून निघाला आणि आमच्यासमोरून गेला. तिनं हात उचलला नाही. दुसरा ट्रक येत होता.